राखून ठेवलेला धडा

नात कॉलेजातून आली की घोटभर पाणीही न पिता शिवणाच्या दुकानातल्या कापड कापायच्या टेबलाशी बसायची. बरं, स्वतःच्या अभ्यासाला नव्हे, आजीच्या जावेच्या नातीला शिकवायला! आजीची तक्रार हीच होती. कॉलेजानंच हुशार पोरींना कच्च्या पोरी जोडून दिल्या होत्या, आणि नशिबानं नेमकी जावेचीच नात गळ्यात पडली होती.

"आपलं ताट दुसऱ्यापुढं सारायचं आणि आपण बोटं चाटायची," आजी मशीन थांबवून म्हणाली.

"विद्या दिल्यानं वाढते, आजी."

"ते भिंतीवर लिहायला ठीक आहे."

दोघी जावा चाळीस वर्षं एकाच दुकानात कपडे शिवत होत्या, पण कोटाच्या मुंढ्याचा, बाही बसते त्या गोलाईचा काप आजीनं जावेला आजतागायत दाखवला नव्हता. म्हणून तर गिऱ्हाईक आधी आजीला विचारायचं.

संख्याशास्त्रात दोनदा आपटलेली जावेची नात आता पटापट गणितं सोडवू लागली. "आमचीही गाडी लागली हो रुळाला!" जाऊ दुकानभर सांगत सुटली. आजीला मिरच्या झोंबल्या.

तिनं नातीला बाजूला घेतलं. "सगळं शिकव, पण शेवटचा धडा राखून ठेव. वर्षाला पहिली आलीस तरच फी माफ आहे तुझी."

नात कुरकुरली, पण आजीपुढं कुणाचं चाललंय?

चाचणीचा निकाल लागला. जावेची नात पास झाली. आजीची नात मात्र पहिल्यावरून तिसरी. शेवटच्या धड्यावरचे दोन्ही मोठे प्रश्न तिचे चुकले होते.

"चार वेळा वाचलास की गं तो धडा!"

"वाचला. पण बाकीचे धडे मी तिला शिकवले होते. ती दर ओळीला 'असं का?' विचारायची, तेव्हा कळायचं की मलाच नीट येत नाहीये. मग शोधून काढायचे. या धड्यात मला कुणी अडवलंच नाही."

 वार्षिक परीक्षेला दोन महिने होते. पलीकडच्या मशीनवर जाऊ गुणगुणत होती, आणि तो सूर आजीच्या कानात सुईसारखा शिरत होता. तिनं दातानं दोरा तोडला आणि जावेलाही ऐकू जाईल अशा आवाजात नातीला बजावलं,

"उद्या बोलाव त्या कार्टीला. शेवटचा धडा शिकव, आणि पन्नासदा 'का' विचारू दे तिला. ती पास होऊ दे, दुसरीसुद्धा येऊ दे. पण तुझ्या पुढं गेली ना, तर चूक तिची नाही, तुझी. आणि ती चूक मला या जन्मी खपायची नाही!"