पाठीवरची काळी रेघ

मी एक जुनी टाइल, मित्रांनो. म्हणजे आता अर्धीच. उरलेली अर्धी कुठे गेली ते सांगते, पण आधी एक कानावर घालते: मी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही. माझं आयुष्यच तसल्या जागी गेलं.

भट्टीतून निघाले ती थेट पोओपो गावच्या खाणीवर आले, साहेबांच्या न्हाणीघरात भिंतीला बसले. शेजारून शिशाची नळी जायची. तीस वर्षं चकचकीत तोंड घेऊन उभी होते. साहेब आरशासमोर एक बोलायचे आणि बाहेर कामगारांना दुसरंच सांगायचे. पुढे खाण बंद पडली, छप्पर बसलं, नळी कुणीतरी उपटून नेली. मला कासिमिरा नावाच्या बाईने पहारीने काढलं आणि पालथं ठेवलं. माझी पाठ पांढरी, खरखरीत. तिला तीच हवी होती.

कासिमिरा आणि नेमेसिया खाणीबाहेरच्या टाकाऊ ढिगावर बसून दगड फोडायच्या. बाई आत शिरली की खनिजाची शीर रुसते, असं तिथले पुरुष म्हणतात, म्हणून बायका बाहेर. नेमेसियाच्या पोरीला बाप्तिस्म्याला कासिमिराने धर्माची आई म्हणून मांडीवर धरलेलं, तेव्हापासून दोघी त्या नात्याने एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. दगड चकाकला की माझ्या पाठीवर घासायचा. सोन्यासारखा दिसतो आणि रेघ हिरवट काळी? ढोंगी, फेकून द्या. रेघ राखाडी? रोजचंच खनिज, टाका पोत्यात. "पाद्री खोटं बोलेल, ही नाही बोलायची," कासिमिरा म्हणायची. मी आपली फुगायचे.

एकदा नेमेसियाच्या हातोडीखाली वेगळाच दगड फुटला. आत बोटाएवढ्या काळ्या गुंडाळ्या, कागद गुंडाळून ठेवावा तशा, पदरावर पदर. दिवसभर चघळायचा कोकाचा पाला दोघींच्या तोंडात तसाच राहिला. पुस्तकात त्याला सिलिंड्राइट म्हणतात, फार विरळा मिळतो. कासिमिराने माझ्या कोपऱ्यावर घासला. काजळासारखी काळी रेघ उमटली.

"ती पुसू नकोस," नेमेसिया म्हणाली. "राहू दे साक्षीला."

विकला की दोघींच्या घरांवर पत्रा पडणार होता. कासिमिराच्या दाराला कुलूप नव्हतं, म्हणून दगड नेमेसियाकडे, सुकवलेल्या बटाट्यांच्या मडक्यात राहिला.

आठ दिवसांनी ओरुरो शहराहून डॉन फाउस्तो हा दगडांचा व्यापारी कासिमिराकडे आला. तिने दगड नेमेसियाकडून आणून ठेवलेला. त्याने चाकूने गुंडाळी ओरखडली. पापुद्रा निघाला, तो तुटला नाही, वाकला.

"हे शिसं आहे, बाई. कोळ्याच्या जाळ्याचं शिसं चेपून गुंडाळलंय कुणीतरी."

"जाळ्याचं?"

"मला काय ठाऊक. टाकणारच असाल तर पुढच्या गुरुवारी येतो, घेऊन जाईन. कागदावर ठेवायला होईल."

मला तेव्हाच वास आला. शिशासाठी माणूस ओरुरोहून दुसऱ्यांदा कशाला येईल? पण कासिमिराच्या डोक्यात 'जाळं' एवढंच अडकलं. नेमेसियाचा नवरा कोळी होता. गावचं तळं आटलं, नवरा गेला, शिशाचे मणी लावलेलं जाळं तेवढं तिच्या भिंतीवर लटकत होतं.

नेमेसिया आली आणि सवयीने तिने मला हातात घेतलं. कासिमिराने विचारलंच.

"खरा दगड कुठे ठेवलास, कोमाद्रे?"

"काय?"

"व्यापारी म्हणतो हे शिसं आहे. मडकं तुझं, शिसंही तुझ्याच घरात."

"अगं, मग घास की. ही घे, घासून बघ."

"ही पण तुझ्याच हातात आहे." कासिमिराने मला हिसकावलं आणि उंबऱ्यावर पडून माझे दोन तुकडे झाले. नेमेसियाने वाकून जुनी रेघ असलेली अर्धी उचलली, परकरात घातली आणि गेली.

त्यानंतर कासिमिराने दगड माझ्यावर तीनदा घासला. रेघ काळीच. "शिसंही काळंच असेल," ती पुटपुटायची. आता तिला माझाही भरवसा नव्हता. जेवण तिला जाईना, ढिगावर एकटीच बसायची.

बुधवारी तिने दगड आणि मला शालीत बांधलं आणि नेमेसियाचं दार वाजवलं. नेमेसियाने तिला आत घेतलं. माझी दुसरी अर्धी आणली, जाळ्याचा एक मणी तोडला आणि घासला. रेघ उमटली ती राखाडी, चमकती. मला माझी जुनी नळी आठवली. मग तिने दगड घासला. काळी. पहिल्या दिवसाच्या रेघेशेजारी अगदी जुळी बहीण.

कासिमिराने दोन्ही रेघांवर बोट टेकवलं.

"चुकलं माझं."

"हो, चुकलं," नेमेसिया म्हणाली. "त्या परक्याच्या चाकूवर एका दिवसात विश्वास ठेवलास. माझ्यावर ठेवायला आठवडा लागला."

गुरुवारी डॉन फाउस्तो आला. त्याला दगड खरंच ओळखता आला नव्हता, की सगळं ठाऊक असून तो खोटं बोलला, ते मी शपथेवर सांगू शकत नाही. कासिमिराने त्याच्या तळहातावर तो मणी ठेवला. "न्या. कागदावर ठेवायला."

पुढे दगड दुसरीकडे विकला, दोन्ही घरांवर पत्रा पडला. दोघी पुन्हा ढिगावर बसतात, कोमाद्रेही म्हणतात. पण नेमेसियाने माझी दुसरी अर्धी परत केली नाही. अनोळखी दगड सापडला की दोघींना आपापला तुकडा काढून शेजारी धरावा लागतो, मगच रेघ ओढतात.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारखी एखादी डागाळलेली टाइल दिसली तर घासून पांढरी करू नका. ते डाग नाहीत, साक्षी आहेत. आणि संशय आला तर आधी दगड घासा. माणसाला एकदा घासलं की ओरखडा राहतो, तो मला रोज दिसतो.