यासमीन हॉटेलावरचं कापड

आमच्या गल्लीत शिरलं की आधी वास येतो, मग दुकानं दिसतात. बंदराच्या या शहरात, अगदी भर बाजारात, यासमीन हॉटेल उभं आहे. हॉटेल बंद पडल्यावर राजधानीतल्या, ट्युनिसच्या एका कंपनीनं ते घेतलं, मागची बाजू पाडली, भलामोठा खड्डा खणला आणि दारावर काचेच्या उंच इमारतीचं चित्र लावून निघून गेली. तेव्हा माझी लेक हाजर बालवाडीत होती. आता ती लग्नाची झालीय, आणि खड्ड्यात साचलेलं पाणी हिरव्याचं काळं झालंय. मासळीवाले त्यात डोकी-आतडी टाकतात, बाकीचे उरलेलं सगळं.

माझं शिवणाचं दुकान हॉटेलाच्याच भिंतीला लागून. लग्नाच्या पोशाखाचं माप द्यायला आलेल्या पोरी नाकावरचा हात काढत नाहीत. "हात वर कर गं," म्हटलं की रडकुंडीला येतात.

हिवाळ्यात हॉटेलाच्या सज्जाचा तुकडा निखळून खमीसच्या खांद्यावर पडला. खमीस खाली फुटपाथवर जुनी पुस्तकं विकतो. हाड मोडलं. आम्ही दहा-बाराजण नगरपालिकेत गेलो. तिथले लमजदसाहेब गोड बोलले, मला मानानं 'लल्ला' म्हणाले. "खाजगी मालमत्ता आहे, लल्ला बेया. आम्हाला हात लावता येत नाही."

वसंतात तेच लमजद माझ्या दुकानात हजर. मागे दोन माणसं, खांद्यावर कापडाचा गठ्ठा. उलगडला तर त्यावर यासमीनचंच चित्र! पांढऱ्या भिंती, निळ्या खिडक्या, कुंड्यांत फुलं.

"परदेशी पाहुणे येतायत," लमजद म्हणाले. "हे हॉटेलावर लावायचंय. आणताना फाटलं. तेवढं शिवून द्या."

"खाजगी मालमत्तेला हात लावता येत नाही ना?"

"हात कुठे लावतोय? झाकतोय फक्त."

मी त्यांची बाही धरली आणि हॉटेलाशेजारच्या पत्र्याच्या कुंपणातल्या फटीतून आत खड्ड्याकडे नेलं. फुगून फुटलेलं कुत्रं, लहान मुलांचे लंगोट, वळवळणाऱ्या अळ्या. त्यांचा बूट घोट्यापर्यंत रुतला. भिंतीला टेकून ते भडाभडा ओकले. मला वाटलं, आता तरी या माणसाला कळलं असेल.

तोंड पुसत ते म्हणाले, "म्हणून तर झाकायचंय."

मी शिवलं नाही. त्यांनी तारेनं जोडून ते हॉटेलावर, शेजारच्या पत्र्यासकट, वरपासून खालपर्यंत लावलं. पाहुणे गाडीच्या काचासुद्धा खाली न करता गेले. कापड मात्र राहिलं, आणि त्याच्यामागे घाण दुपटीनं वाढली. दिसत नाही म्हटल्यावर लाज कसली?

एका दुपारी पाहते तर अजूनही हात गळ्यात बांधलेला खमीस कापडाचं टोक उचलून काळी पिशवी आत ढकलतोय.

"खमीस! याच इमारतीनं तुझं हाड मोडलं ना रे?"

"मग कुठे टाकू, लल्ला? कचरापेटी पार बंदरावर. आणि माझ्या एका पिशवीनं असं काय वाढणार आहे?" माझ्याकडे न बघताच तो बोलला.

मला इतकी किळस आली, की कुणाची ते सांगता येणार नाही. त्याची, लमजदची, आम्हा सगळ्यांची. आत जाऊन मोठी कात्री आणली आणि ते कापड फाडायला लागले. हात पोचेना तेव्हा स्टूल ओढलं. लोक जमले. कुणी थांबवलं नाही, स्टूलही कुणी धरलं नाही. शेवटी खमीस आला आणि धड हातानं त्यानं स्टूल धरलं.

कापड खाली आलं तसा वासाचा लोट रस्त्यावर आला. बेकरीवाला मनवर ओरडला, "अगं बाई, निदान झाकलेलं तरी होतं!"

मला पोलीस घेऊन गेले. सरकारी वस्तूचं नुकसान केलं म्हणून दम दिला आणि सोडलं.

दोन दिवसांनी नगरपालिकेचा ट्रक आला. अख्खी गल्ली बाहेर आली. मनवरनं तर ट्रकवरच्या माणसांसाठी गरम पाव आणले. माणसं उतरली, त्यांनी कापडाचे तुकडे नीट गोळा केले, वर लोंबत होतं ते उतरवलं, गुंडाळून ट्रकमध्ये घातलं.

"आणि हे?" मी आतल्या ढिगाकडे बोट दाखवलं.

"आम्हाला कापडाचंच सांगितलंय, मावशी," ड्रायव्हर म्हणाला आणि पाव घेऊन निघून गेला.

खमीस पचकन थुंकला. बाकीचे आपापल्या दुकानात शिरले. मी हात धुतले, परत धुतले.