डाव्या खांद्यावरचे बुट्टे

मित्रांनो, सावद्यातल्या एका लोखंडी पेटीतून एक जुना शालू तुमच्याशी बोलतो आहे. वय विचारू नका. शेजारी डांबराच्या गोळ्या राहतात. त्यांचा सहवास उग्र आहे, पण कसर लागत नाही, म्हणून मी निमूट असतो.

माझा जन्म बऱ्हाणपूरच्या मागावरचा. रंग डाळिंबी, काठ जरीचे. पेटीच्या मालकीणबाई सुमनबाई. त्या दर दिवाळीला मला ऊन दाखवायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "सासऱ्यांनी खास माह्यासाठी आनला. कोरा." मग धाकट्या जाऊबाई रत्ना यांच्याकडे बघून म्हणायच्या, "हिचं लगन मात्र उसन्या शालूत झालं. मीच दिला व्हता." हे ऐकत रत्नाबाईंचे केस पिकले.

इथे आमच्या गावाची एक रीत सांगायला हवी. सावद्यात मांडवाच्या दाराला केळीचे खांब लागतात, आणि तेही त्याच सकाळी तोडलेले. शिळा खांब लावणारा बाप गावात तोंड कसं दाखवणार? नवरी, मग ती लेक असो की नवी सून, दारात ओवाळून घेण्यासाठी उभी राहते. ओवाळणाऱ्या अनेक, त्यातल्या निम्म्यांचं दिव्यापेक्षा गप्पांकडे लक्ष. तेवढ्यात ताज्या खांबाचा चीक टपकतो, नेमका डाव्या खांद्यावर. केळीचा चीक एकदा लागला की परीट हात जोडतो. असे डाग माझ्या अंगावर आहेत. सुमनबाई त्यांना बुट्टे म्हणतात. शालूला पदर असतो, तोंड नसतं.

यंदा सुमनबाईंची नात डिंपल हिचं लग्न ठरलं आणि माझ्यावर वेळ आली. तिला माझा घागरा शिवायचा होता, उरलेल्या कापडातून नवरदेवाच्या खिशातला रुमाल. एवढी लग्नं मिरवून शेवटी नवरदेवाच्या खिशात जायचं! कात्री पलंगावर येऊन पडली.

त्याच दुपारी जुन्या शालूचं ऐकून कामिनीताई आल्या. या बाईंनी उभी हयात नवरीमुलींचे कपडे, हळदीची गाणी आणि बायकांचा इतिहास शोधण्यात घालवली आहे. लग्नाला गेल्या की पंगत सोडून लोकांचे पदर उलटून पाहतात. "राजांच्या तलवारी जपल्या," त्या म्हणाल्या, "नवरीच्या शालूची मात्र गोधडी केली." हातमोजे घालून त्यांनी मला उलगडलं. इतक्या आदराने मला कोणीच धरलं नव्हतं, मला नेसलेल्या नवरीमुलींनीसुद्धा नाही.

"या शालूत किती लग्नं लागली?"

"दोन," सुमनबाई म्हणाल्या. "माह्यं, आन् मी उसना दिला म्हनून हिचं."

"चिकाचे डाग तर पाच आहेत."

"बुट्टे हायेत ते."

"फक्त डाव्या खांद्यावर?"

रत्नाबाई चष्मा पुसत पुढे आल्या. एक एक डाग बोटाने मोजला. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "एक तुमचा. एक माहा. बाकीच्या तीन नवऱ्या कोनाच्या व्हत्या, अक्का?"

सुमनबाईंनी माझा काठ चिमटीत धरला. "सासूबाई म्हने, कोरा हाये," त्या पुटपुटल्या. "म्हनजे मले बी..."

"उसनाच," रत्नाबाईंनी वाक्य पुरं केलं, आणि पाण्याचा तांब्या त्यांच्या हाती दिला.

कामिनीताई म्हणाल्या, "आजी, एका शालूत गल्लीने सगळ्या नवऱ्या नटवल्या आणि एकीलाही कमीपणा येऊ दिला नाही. हे कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही मला."

डिंपलने कात्री उचलून ओट्यावर ठेवली. "मग सहावी मी. न कापता."

आता मात्र ताई घाबरल्या. मला संग्रहालयात न्यायचं, काचेत ठेवायचं, असं त्यांच्या मनात होतं. डिंपल म्हणाली, "मॅडम, तिथं केळीचे खांब असतात का?"

लग्न लॉनवर झालं. तरी डिंपलचे वडील हितेंद्र यांनी त्याच सकाळी खांब तोडून आणले. बाप म्हणून त्यांनाही तोंड दाखवायचं होतंच. कामिनीताई माझ्यावर छत्री धरून उभ्या राहिल्या. ओवाळणाऱ्या गप्पांत रंगल्या. चीक छत्रीवर पडला, घरंगळला, आणि ताईंच्या पांढऱ्याशुभ्र हातमागाच्या साडीवर उतरला. डाव्या खांद्यावर.

ताई रुमाल शोधू लागल्या.

"राहू द्या," सुमनबाई म्हणाल्या. "बुट्टा हाये तो."

रत्नाबाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला दिवा विझला. तो सुमनबाईंनीच पुन्हा लावून दिला.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी पेटी असेल. तिच्यातल्या कापडाला कात्री लावण्याआधी ते कोणकोणाच्या अंगावर होतं, एवढं घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. दोघींना विचारा. एकीने सांगितलेलं पुरत नाही.