निःस्वार्थाचं पाणी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर काचेचं मोठं भांडं, त्यात नितळ पाणी, आणि भांड्यामागे निर्मळ महाराज. ज्याच्या मनात परोपकार असेल त्याने हात बुडवले तरी पाणी जसंच्या तसं राही. ज्याच्या मनात स्वार्थ, त्याच्या बोटांभोवती गुलाबी रंग सुटे आणि बघता बघता सगळं भांडं रंगून जाई. लोक सुस्कारा सोडत, शिष्य नवं भांडं ठेवत आणि पुढचं माणूस वर चढे.

“आत्मा बोलत नाही, बाळांनो. आत्मा रंगतो,” महाराज म्हणत. त्यांच्या अशा वाक्यांना अर्थ नसला तरी वजन असे.

पाणी रंगलेल्यांसाठी उपायही होता. महाराजांच्या निवासात सेवा करायची. झाडलोट, स्वयंपाक, धुणीभांडी. त्यामुळे तिथे पगारी माणूस एकही नव्हता. दुसऱ्यांच्या परोपकारावर इतकं नीटनेटकं घर चाललेलं मी तरी पाहिलं नाही.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. त्या दिवशी तिथे गेले ती दादा आणि वहिनीबरोबर. आमचे आप्पा पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले. त्यांना भरवणं, कुशीवर वळवणं, चादरी बदलणं, सगळं वहिनी करते. दादा संध्याकाळी खोलीच्या दारातून “आप्पा, बरं आहे ना?” असं विचारतो आणि मग त्याला बरं वाटतं.

वहिनीला कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतण्याची नोकरी मिळत होती. तिचा हात त्यात लहानपणापासून बसलेला. दिवसा आप्पांजवळ एक बाई ठेवू, सकाळ-संध्याकाळ दादाने बघावं, असं तिने भीतभीत सुचवलं. दादा नाही म्हणाला नाही. तो कधीच वाईटपणा घेत नाही. महाराजांना विचारू, म्हणाला.

दारात एक गोडबोल्या शिष्य प्रत्येकाची अडचण आपुलकीने विचारून घेत होता. दादाने सविस्तर सांगितली. मग हात धुवायचे, शिष्याने दिलेल्या टॉवेलने पुसायचे आणि मंचावर जायचं. दादाचं पाणी नितळ राहिलं. वहिनीचं गुलाबी झालं.

“वडीलधारं माणूस पडून आहे आणि तुला बाहेरची हवा हवी? तुझी सेवा घरीच आहे,” महाराज मायेने म्हणाले.

वहिनी मान खाली घालून उतरली. घरी आल्यावर मी तिची समजूत काढू लागले, तर तिनेच मला थांबवलं.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “आप्पांचं करताना कधीकधी मनात येतं, यातून एकदाची सुटका व्हावी. तेच पाण्याला कळलं.”

तोवर मला महाराजांचं हसू येत होतं. आता राग आला. तो गुलाबी रंग माझ्या चांगल्या ओळखीचा होता. मी वहिनीला तिथल्या टॉवेलाबद्दल विचारलं. ती म्हणाली, निळ्या काठाचा होता, खळ घातल्यासारखा कडक. दादाला विचारलं, तर त्याचा पांढरा आणि मऊ होता.

पुढच्या सभेला मी दोघांना पुन्हा घेऊन गेले. दारातल्या शिष्याला मी सांगितलं की वडिलांची जबाबदारी मला नको, ती भावावरच राहू दे. त्याने समजूतदारपणे मान डोलावली आणि निळ्या काठाचा टॉवेल पुढे केला. मी तो हातांना न लावता सरळ मंचावर नेला आणि महाराजांना विनंती केली की आधी त्यांनी हात धुऊन याच टॉवेलने पुसावेत आणि भांड्यात घालावेत.

“आम्ही कसोटीच्या पलीकडे गेलो आहोत,” महाराज म्हणाले.

लोकांत कुजबुज सुरू झाली. माझ्यामुळे दादाची मान खाली गेली होती. त्याने घाईने हात धुतले आणि तो ओल्या हातांनीच वर आला.

“आण इकडे. माझं पाणी सगळ्यांनी पाहिलंय.”

त्याने रगडून हात पुसले आणि भांड्यात घातले. पाणी गुलाबी झालं. इतकं गर्द तर वहिनीचंही झालं नव्हतं. मग वहिनी वर आली, धुतलेले हात तिने स्वतःच्या रुमालाने पुसले आणि नव्या भांड्यात बुडवले. पाणी नितळच राहिलं.

मी लोकांना सांगितलं, की पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन नावाचं औषध मिसळलेलं आहे, ते दिसत नाही. निळ्या काठाचे टॉवेल धुण्याच्या सोड्यात भिजवून वाळवलेले आहेत. सोडा लागला की ते औषध गुलाबी होतं, मग हात कुणाचेही असोत. कुणाला कुठला टॉवेल द्यायचा, ते दारात अडचण ऐकतानाच ठरतं. दादाच्या भांड्यात मी पर्समधून आणलेलं लिंबू पिळलं. सगळा स्वार्थ क्षणात उतरला.

पाठीमागून एक बाई शांतपणे म्हणाली, “म्हणजे मी इतके दिवस यांची भांडी घासली, ती एका टॉवेलापायी?”

महाराज म्हणाले, अश्रद्धांना सगळीकडे रसायनच दिसतं. ते आत गेले. शिष्य घाईघाईने टॉवेल गोळा करू लागला, पण त्या बाईने एक आधीच पिशवीत घातला होता.

वाटेत दादा म्हणाला, “ते जाऊ दे. पण मी खरंच स्वार्थी आहे का?”

“ते पाण्याला कशाला विचारायचं?” वहिनी म्हणाली. “आप्पांना विचार.”

दादाने विचारलं नाही. पण त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा दार ओलांडून आत गेला आणि चादर बदलायला लागला. फार धडपड झाली. आप्पांना शब्द सापडायला वेळ लागतो. शेवटी ते म्हणाले, “उलटी... घातलीस.” वहिनी बाहेर बसून ऐकत होती, उठली नाही.

ती आता कारखान्यात जाते. दिवसा एक बाई येते, सुट्टीच्या दिवसांत मी असते, उरलेलं दादा कुरकुरत करतो. आप्पांचं काही अडलेलं नाही.

माझं एवढंच सांगणं आहे. माणसाचं मन कुठल्याही पाण्यात उतरत नाही. कुणी तसा चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी पाणी, भांडं, टॉवेल तपासून बघा. आणि तुमच्या निःस्वार्थीपणाची परीक्षा घेणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा, की मी नापास झाले तर आराम कुणाला मिळणार आहे?