मोकळी भिंत

रुक्माबाई गेली हे सौंदड गावाला सकाळी नऊपर्यंत कळलं होतं. तिच्या फेसबुकवरच्या पेजला कळलं नव्हतं.

पहाटे ती अंगणात उडदाची डाळ फेटत बसली होती. कोहळ्याच्या बड्यांची, म्हणजे सांडग्यांची, डाळ हलकी होईपर्यंत फेटावी लागते. बोराएवढी गोळी वाटीतल्या पाण्यात टाकायची, तरंगली की पीठ झालं. गोळी बुडाली. "अजून थोडं," म्हणाली आणि परातीवरच वाकली. नवऱ्याला, केवळरामला, वाटलं, बांगडी पडली असेल, शोधून राहिली. मग ऑटो, मग दवाखाना. डॉक्टरनं नाडी पाहिली, घड्याळ पाहिलं आणि एक कागद पुढे ओढला. नऊला ती घरी आली, पांढऱ्या चादरीत.

दहा वाजता घरात पन्नास माणसं असतील. मुलगी रचना आईच्या पायाशी बसली होती. तेवढ्यात तीन-चार फोन एकदमच टुणटुणले. शेजारच्या लीलाधरनं सवयीनं खिशातला फोन काढून बोट लावलं आणि रुक्माबाईचा आवाज घरभर झाला.

"नमस्कार मंडळी! आज ताज्या बड्या वाळू घातल्या बरं का! लवकर सांगा, नाई तं मंग म्हणान, रुक्माआईनं आमच्यासाठी ठेवल्याच नाई!"

आणि ती हसली. लीलाधरला तो बंद करता येईना. बोट भलतीकडेच पडत होतं. व्हिडिओ संपला आणि आपोआप पहिल्यापासून सुरू झाला. दुसऱ्यांदा हसली तेव्हा एक बाई किंचाळून रडायला लागली.

रचना दर रविवारी पुढच्या आठवड्याच्या पोस्ट वेळ लावून ठेवायची. सोमवार ते शनिवार, सकाळी दहा. हे कोणाच्या ध्यानात राहणार होतं?

केवळरामनं लीलाधरच्या हातातून फोन घेतला. पडद्यावर बायको हसत होती. तिच्यामागे हिरव्या रंगाची भिंत होती, मोकळी. वर एक खिळा होता. तो बायकोकडे न पाहता त्या खिळ्याकडे पाहत राहिला.

त्या खिळ्यावर बुद्ध आणि बाबासाहेब यांची एकत्र तसबीर असायची. केवळरामच्या बापानं नागपूरहून आणलेली. केवळराम रेल्वेत गँगमन होता, रूळ ठोकण्यात तीस वर्षं गेली, क्वार्टर बदलत गेले, पण तसबीर प्रत्येक घरात पहिल्या दिवशी लागली. भांडी मागून यायची.

बड्यांचा धंदा आधी बाजारात होता. रुक्माबाई तीन हिवाळे आठवडी बाजारात पाटी घेऊन बसली. येणारी बाई बडी हातात घ्यायची, वास घ्यायची, "मस्त आहे वो," म्हणायची आणि मग विचारायची, "कोनत्या मोहल्ल्यातली तू?" रुक्माबाई खरं सांगायची. बाई बडी परत पाटीत ठेवायची. "येतो, समोरून फिरून येतो." फिरून कोणी येत नसे. मोहल्ल्यातली माणसं घ्यायची तेवढंच.

मग रचनानं गोंदियाला ऑनलाइन मार्केटिंगचा क्लास लावला. लहान धंदेवाल्यांनी फेसबुक-इन्स्टावर माल कसा विकायचा, ते तिथं शिकवत. शिकवणारा हिमांशू एक दिवस कॅमेऱ्याची तिपाई घेऊन घरीच आला. पोरगा वाईट नव्हता. चहा प्यायला, बड्या खाल्ल्या, दोनदा मागून घेतल्या. मग कॅमेऱ्यातून पाहिलं आणि डोकं खाजवलं.

"काकी, तुमचा चेहरा तर एक नंबर आहे. हसलात का कस्टमर गेला कामातून. पण मागचं जरा…"

"मागचं काय?" केवळराम म्हणाला.

"काका, गलत मत समझो. मले काहीच प्रॉब्लेम नाई, मी तर बाबासाहेबाले मानतो. पण खायची वस्तू आहे. बॅकग्राउंड न्यूट्रल पायजे. देवाचा फोटो असता तरी मी हेच बोललो असतो."

केवळरामनं तेव्हाच विचारायला हवं होतं, की क्लासच्या पेजवर तू स्वतः गणपतीसमोर उभा आहेस तो काय न्यूट्रल आहे का. ते त्याला आठ दिवसांनी सुचलं.

नाव ठरवतानाही तसंच झालं. रुक्माबाई म्हणाली, "रुक्माबाई रामटेके गृहउद्योग लिव्हा." हिमांशू म्हणाला, "ब्रँड को आडनाव नहीं लगता, काकी. 'रुक्माआईची बडी'. बस. आई सबकी होती है."

स्टुलावर चढून तसबीर उतरवली ती रुक्माबाईनंच. पदरानं पुसली, गोधडीत गुंडाळली, पेटीत ठेवली.

"काऊन काढली?" केवळराम म्हणाला.

"व्हिडिओपुरती काढली जी. झाला का लावतो."

पहिला हिवाळा ती काढत-लावत राहिली. दुसऱ्या हिवाळ्यात रोज व्हिडिओ लागायला लागला. रोज कोण काढते न् लावते? तसबीर पेटीतच राहिली. चौदा एप्रिलला बाहेर यायची, हार घालून घ्यायची, पुन्हा पेटीत. केवळरामनं कधी स्वतः उठून लावली नाही. पुण्याची पार्सलं, रायपूरची पार्सलं, सायकलवर बांधून पोस्टात तोच न्यायचा. गोंदियात जुना सोबती भेटला आणि "वहिनी फेमस झाल्या ना यार," म्हणाला की छाती त्याचीच फुगायची. हे तो कोणाला सांगत नव्हता, पण विसरलाही नव्हता.

तिसऱ्या दिवशी हिमांशू भेटायला आला. खरंच रडला. मग रुमाल खिशात घालून रचनाला म्हणाला, "पेजवर काय टाकायचं ते ठरवलं काय?"

केवळरामनं पुण्यानुमोदनाचं, सातव्या दिवसाच्या कार्यक्रमाचं, कार्ड पुढे केलं. गोंदियाहून छापून आणलं होतं. वर बुद्ध, बाबासाहेब. खाली 'कालकथित रुक्माबाई केवळराम रामटेके' आणि तिचा फोटो.

"हे टाका," तो म्हणाला.

हिमांशूनं कार्ड बराच वेळ पाहिलं. "काका, कालकथित लोकांना समजत नाई. स्वर्गीय लिहू. मागे एक दिवा, फुलं, काकींचा हसण्याचा आवाज. लोक रडतील. पेज कुठल्या कुठं जाईल."

"ती स्वर्गात नाई गेली."

"काका, म्हणायची पद्धत असते."

"तुमची असन. आमच्यात कालकथित म्हणतेत. आन् ती गेली ते पेज कुठं न्यायले नाई गेली."

रचना मध्ये पडली. "बाबा, त्याले कायले बोलता? कार्ड टाकलं का खाली कॉमेंटमधी काय घाण येते ते तुमी पाहिलं नाई. मी पाहिलं आहे दुसऱ्यायच्या पेजवर. आईच्या फोटोखाली तसलं वाचायचं काय मले?"

 केवळरामनं कार्ड परत घेतलं. पेजवर काहीच गेलं नाही. वेळ लावलेल्या उरलेल्या पोस्ट तेवढ्या रचनानं पहिल्याच दिवशी काढून टाकल्या होत्या.

पुण्यानुमोदन सातव्या दिवशी झालं. भंतेजी आले, त्रिशरण पंचशील झालं, जेवणं झाली. मोहल्ल्याबाहेरच्या गल्लीतली जमुनाबाई आली. तिच्या घरच्या शेतात रुक्माबाईनं कितीतरी पावसाळे धानाची रोवणी केली होती. जमुनाबाई मांडवाच्या कडेला खुर्ची ओढून बसली. ताट आलं तर म्हणाली, "उपास आहे ना आज." चहा आला तर म्हणाली, "चहा सोडला मी." पाणी कोणी विचारलंच नाही.

"माणूस मोठी गुणाची होती, केवळरामभाऊ," ती म्हणाली. "आन् हाताले काय चव! आमची सून नाई का नागपूरची, नीतू? तिनं मोबाईलवरून बड्या मांगवल्या होत्या. दिवाळीत गेलो होतो तं तिनं आलू-बडी केली. मी दोनदा घेतली बाप्पा! मंग पाकीट पाहतो तं काय, आपली रुक्मा!"

"आधी खाल्ली का पाकीट आधी पाहिलं?" केवळराम म्हणाला.

"खाल्ली आधी."

"मंग?"

"मंग काय?" जमुनाबाई हसली आणि पदर नीट केला. "पोटात गेलेलं काय निघते? नीतूले म्हटलं, आपल्याच गावची आहे वो बाई."

"आन् नीतूनं फिरून मांगवल्या?"

जमुनाबाईनं मांडवाच्या बांबूकडे पाहिलं. "त्याह्यचं त्याह्यले माहीत, भाऊ. शहरातली पोरं."

ती गेल्यावर केवळरामनं रचनाला गाठलं. ती पातेली मोजत होती.

"ते नीतू कोन? तिच्या पत्त्यावर मीच दोनदा पार्सल पाठवलं ना?"

रचनानं पातेलं खाली ठेवलं.  मग फोन काढला आणि नीतूचा मेसेज दाखवला. दिवाळीनंतरचा होता. एकच ओळ: 'तुम्ही हे आधी सांगायला हवं होतं.'

"आईनं वाचला?"

"मीच वाचून दाखवला. दाखवायले नोको होता." रचनानं तो मेसेज बंद केला. "त्याच दिवशी तिनं एक व्हिडिओ करायले लावला. तुमी गोंदियाले गेले होते, बँकेत."

केवळरामला दिवस आठवला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेला होता. आपण जिवंत आहोत हे सांगायला तो तीन तास रांगेत उभा होता.

"कुठं आहे तो व्हिडिओ?"

"ड्राफ्टमधी."

"म्हणजे?"

"केलेला आहे. लिहिलेलं आहे. फक्त टाकला नाई."

तिनं लावला. रुक्माबाई तीच, साडी ती बाजारात जायची निळी. मागे हिरवी भिंत, खिळ्यावर तसबीर. थोडी वाकडी लागली होती.

"आज नमस्कार नाई. जय भीम, मंडळी. माझं नाव रुक्माबाई केवळराम रामटेके. सौंदडची. दोन हिवाळे झाले, तुमी माझ्या हातचं खाऊन राहिले. तं मी कोन आहो ते तुमाले मालूम पायजे. आता खायचं असन तं खा. नाई खायचं तं नोका खाऊ. पण आतापर्यंतचं वापस नाई येत बरं!"

आणि ती हसली. लीलाधरच्या फोनमधलं हसू वेगळं होतं. हे केवळरामच्या ओळखीचं होतं, घरातलं.

"काऊन नाई टाकला?"

"मी म्हटलं, आई, हंगाम होऊ दे. कोहळा संपला का टाकू. सहा बाया कामाले आहेत आपल्याकडं. ऑर्डर तुटल्या तं त्या कुठं जातीन?"

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, बरं, तुले समजते." रचना आता रडत होती. "बाबा, तुमीच टाका. हे निळं बटन आहे. मी दाबत नाई."

केवळराम त्या पोरीवर ओरडणार होता. पण दोन हिवाळे पेटी याच घरात होती, आणि पेटीला कुलूप नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं त्या सहा बायांना अंगणात बोलावलं. सगळ्या मोहल्ल्यातल्याच. रुक्माबाईला नेताना 'जय भीम' यांनीच दिला होता, आवाज बसेपर्यंत. त्यानं व्हिडिओ दाखवला. दामिनी त्यांच्यात सगळ्यात लहान, पण डाळ फेटायला रुक्माबाईनंतर तीच. तिनं पूर्ण पाहिला, डोळे पुसले.

"टाका भाऊजी," ती म्हणाली. "टाकलाच पायजे."

"टाकू मंग?"

 एकीनं रिकामीच परात खरवडली. शेवटी दामिनीच म्हणाली, "टाकायचा तं आहेच. पण आता कोहळे आणून पडले आहेत, डाळ भिजली आहे. हंगाम होऊ द्या ना भाऊजी. मी यंदा रोवणीले नाई गेली, याच्याच भरवशावर. मालकाले नाई म्हणून आली."

"मालक कोन?"

"जमुनाबाईच्या घरचे."

बाकीच्या पाच जणी खाली पाहत होत्या. त्यांना शिव्या घालाव्यात असं त्याला फार वाटलं. शिव्या ज्यांना घालायच्या ते पुण्यात होते, रायपुरात होते, नागपुरात फ्लॅटमध्ये आलू-बडी खात होते. ते अंगणात येऊन थोडेच बसणार होते?

त्या दिवशी त्यानं एक काम केलं. पेटी उघडली, गोधडी सोडली, तसबीर काढून खिळ्यावर लावली. सरळ लावली. रचना दारात उभी राहून पाहत होती.  दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याची तिपाई उचलून ती दामिनीच्या घरी घेऊन गेली. दामिनीची भिंत पांढरी आहे, मोकळी.

आता व्हिडिओत दामिनी असते. "नमस्कार मंडळी," म्हणते. हसायला जमत नाही तिला तितकं, पण हिमांशू म्हणतो, जमेल. पेजचं नाव तेच आहे. आजही कोणीतरी खाली लिहितं, 'रुक्माआई दिसल्या नाहीत बरेच दिवस?' आणि रचना लिहिते, 'आई आराम करत आहेत.' खाली हात जोडलेले, लाल बदाम, 'आईंना नमस्कार सांगा'. केवळराम ते वाचतो. कोणाचा नमस्कार कोणाला सांगायचा?

रुक्माबाईचा फोन त्याच्याच खिशात असतो. पेज त्यातही उघडतं. ड्राफ्ट कुठं असतो, निळं बटण कुठं असतं, सगळं त्याला आता पाठ आहे. अंगठा तिथपर्यंत जातो.

कोहळे संपले, माघ संपला. उन्हं तापायला लागली. बायांनी परातीला परात लावून घासून ठेवल्या. हंगाम होऊन महिना झाला.

व्हिडिओ टाकायचा राहिला आहे.