पिसांची गादी

"मिन्नेगालीदादा, घोडा बाजूला घ्या. नदी काय तुमच्या सासऱ्याची आहे?"

माग्फुरानं असं म्हणताच कावडी घेतलेल्या साऱ्या बायका हसल्या. पाळलेले हंस मारायचे, पिसं उपटायची आणि नदीत धुवून आणायचे, ही त्या तातार गावाची जुनी रीत. आणि सरकारनं नेमलेला राखणदार मिन्नेगाली वाटेत आडवा. कारण सांगायची त्याला बंदी होती. त्याला तरी किती माहीत होतं म्हणा! वरच्या अंगाच्या कारखान्यात बॉम्बच्या पोटात घालायचं प्लुटोनियम काढतात आणि उरलेलं विषारी पाणी नदीत सोडतात, एवढंच एका दारू प्यायलेल्या अधिकाऱ्याच्या तोंडून त्यानं ऐकलं होतं.

"विहिरीवर धुवा," तो म्हणाला. बायका शिव्या देत वळल्या.

शिव्यांचं त्याला काही वाटत नसे. एकुलती एक लेक गुलसिरा नदीपासून लांब राहिली, बस्स. मैत्रिणी पोहायला जात, तेव्हा ही दारात बसून रडे. बाप कसला, तुरुंगाचा पहारेकरी आहे, असं शेजारी म्हणत. म्हणेनात का! पाणीसुद्धा तो तिला टेकडीमागच्या झऱ्याचं आणून पाजी.

एवढं करूनही, लग्न ठरलं आणि गुलसिरा आजारी पडली. हाडं ठणकत, नाकातून रक्त येई. रक्ताचाच रोग आहे, आता घरीच ठेवा, असं शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं.

मग एकदा दोन माणसं, कारखान्याचं विष जवळ असलं की टकटकणारं यंत्र घेऊन घरोघर फिरत आली. यंत्र पाण्याच्या बादलीपाशी गप्प, तिच्या बुटांपाशी गप्प. मिन्नेगालीचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात एकानं ते तिच्या अंथरुणाजवळ नेलं आणि ते थांबेचना.

"गादीत काय आहे?"

"पिसं," मिन्नेगालीची बायको शम्सिया कौतुकानं म्हणाली. "आमच्याच हंसांची. पोर जन्मल्यापासून साठवली, लग्नात द्यायला. आजारी पडली तशी आत्ताच अंथरली."

हंस उन्हाळाभर कुठे असतात, हे मिन्नेगालीला कुणी सांगायला नको होतं. घोड्यावर बसून तो रोज त्यांना नदीत पोहताना बघत होता. हुकूम माणसांना हाकलायचा होता. आणि त्याच हंसांचा पहिला तुकडा दरवर्षी तो स्वतःच्या हातानं पोरीच्या ताटात वाढत आला होता.

माणसं गादी उचलायला वाकली. गुलसिरानं ती घट्ट धरली.

"बाबा, फळीवर हाडं टोचतात. राहू दे ना."

जन्मभर पोरीला नाही म्हणत आलेला मिन्नेगाली उठला आणि त्या माणसांच्या वाटेत आडवा उभा राहिला.