मायेकचा उरलेला अर्धा तुकडा

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. कढईत दूध होतं तसंच पातळ होतं. तासाभरापूर्वीच विरजायला हवं होतं.

ओरिन्शाने करंगळी बुडवली आणि झटकन काढली.

"किती तापवलंस गं?"

"उकळलं, अपा." सासूपुढे उल्दानाने मान खाली घातली. "गुरांचा डॉक्टर म्हणाला ना, कच्चं वापरू नका, रोग आलाय."

"आणि मायेक त्यातच टाकलास? गरमागरम?"

मायेक म्हणजे दूधपित्या कोकराच्या पोटाचा वाळवलेला तुकडा. त्याच्याशिवाय इरिमशिक, म्हणजे तांबूस, सुकं चीज, होत नाही. पोटातला रस कोकराच्या अंगच्या उबेत दूध धरतो. थंडीत निजतो, उकळीत मरतो. उल्दाना शाळेत हेच शिकवायची.

"एन्झाइम मेलं," ती पुटपुटली. "थंड करून परत जिवंत होत नाही."

"शिकलेली सून! मग आधी उकळायची गरजच काय होती? विरजलं की सहा तास शिजवायचंच आहे. तुझ्या डॉक्टरचा रोग तेव्हा काय बसून पाहतो?"

उल्दानाला हसू आलं आणि लगेच रडूही. ओरिन्शाला रागवायचंही त्राण नव्हतं. चाळीस उन्हाळे हीच कढई. दोन दिवसांनी तिचा नवरा जाऊन वर्ष झाल्याचं जेवण होतं, आणि शेवटच्या आजारात त्याने एवढंच म्हटलं होतं: ताटात माझ्या आईचा इरिमशिक ठेवा. मायेकचा अर्धाच तुकडा उरला होता. कोकरं आता गवत खातात. नवा पुढच्या वसंतातच.

शेजारणीकडून ताज्या दुधाच्या दोन बादल्या आल्या. ओरिन्शाने मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकला. गरमही नाही, गारही नाही.

"एवढासा तुकडा आणि एवढं दूध, पुरेल?" उल्दाना म्हणाली.

"तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय?"

"एन्झाइम स्वतः संपत नाही. दुधाच्या एका कणाचं काम करून दुसऱ्याकडे जातं. कमी असलं तर फक्त वेळ जास्त लागतो."

"मग माझ्यासारखंच," ओरिन्शा म्हणाली आणि तुकडा बांधलेली पुरचुंडी दुधात सोडली. "फक्त मी संपते."

कढईवर घोंगडी टाकून ती भिंतीला टेकली. डोळे मिटले. उल्दाना दर थोड्या वेळाने बोट घालत होती.

अकरा चाळीसला बोट काढलं, तेव्हा दूध बोटाबरोबर किंचित ओढलं गेलं आणि पुन्हा सपाट झालं. धरायला लागलं होतं.